विधिमंडळ समितीच्या दौऱ्याचा खर्च कसा शोधायचा: आकडा विचारू नका, कागद मागा

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात विधिमंडळाची एक समिती, म्हणजे सरकारी कामकाज तपासणारा आमदारांचा गट, तीन दिवस मुक्कामी येऊन गेली. त्याआधी आठवडाभर झेडपीत दुसरं कामच नव्हतं, कुठल्याही टेबलवर जा, "साहेब समितीच्या तयारीत आहेत, सोमवारनंतर या". रस्त्यावरच्या तीन अंगणवाड्यांना रंग लागला, आणि तोही इतका ताजा की पोरांच्या शर्टांना लागत होता. समिती गेली, मी आरटीआय टाकला, प्रश्न एकच: समितीच्या दौऱ्यावर एकूण किती खर्च झाला? तिसाव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं. "सदर माहिती निरंक आहे."

निरंक म्हणजे शून्य. तीन दिवस, डझनभर गाड्या, दोन्ही वेळची जेवणं, शाली, बुके, फायलींच्या चकचकीत बॅगा, आणि खर्च शून्य! डोकंच फिरलं. तो कागद घेऊन ओळखीतल्या एका रिटायर्ड लेखाधिकारी काकांकडे गेलो तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अरे त्यांनी खोटं नाही सांगितलं. समितीचा दौरा नावाचं लेखाशीर्षच, म्हणजे हिशेबातलं खर्चाचं खातंच नसतं, मग त्याच्यापुढे आकडा कुठून येणार? तू बेरीज मागितलीस आणि बेरीज कोणी केलेलीच नाहीये. कागद माग कागद."

त्या दिवसापासून जे शिकलो ते इथे लिहितोय. महाराष्ट्रापुरतं लिहितोय पण गोव्यातल्या मंडळींनाही बरंचसं लागू पडेल, तिथे ४० आमदार आणि एकच सभागृह, आपल्याकडे विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८, पण पैशाची वाट साधारण तीच.

आधी पैसा येतो कुठून ते बघू, कारण हे माहीत नसेल तर अर्ज चुकीच्या दारात जातो.

राज्यघटनेच्या कलम १८७ प्रमाणे विधिमंडळाचं सचिवालय वेगळं असतं, म्हणजे ते मंत्रालयाचा विभाग नाही, कुठल्या मंत्र्याच्या हाताखाली नाही, त्याचे प्रमुख विधानसभा अध्यक्ष आणि परिषदेचे सभापती. ही सोय मुद्दाम केलीय, कारण ज्या सरकारवर नजर ठेवायची त्याच सरकारच्या दारात पगारासाठी उभं राहायला लागलं तर झालंच कल्याण. पण पैसा मात्र राज्याच्या तिजोरीतूनच येतो आणि बाकीच्या विभागांसारखाच बजेटमधून मंजूर होतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, उपसभापती यांचे पगार-भत्ते "भारित" असतात म्हणजे त्याच्यावर मतदान होत नाही, कलम २०२ मध्ये तसं लिहिलंय. बाकी सगळं "दत्तमत", म्हणजे आमदार मत देऊन मंजूर करतात. अर्थात मत देऊन म्हणजे कसं, तर शेवटच्या दिवशी ढिगाने मागण्या (म्हणजे विभागांनी मागितलेला खर्च) एकदम मंजूर होतात त्यातच ही पण जाते, कोण कशाला स्वतःच्याच भत्त्यांवर चर्चा मागेल?

आता महत्त्वाची गोष्ट. समितीला स्वतःचं असं बजेट नसतं. लोकलेखा समितीला इतके, अंदाज समितीला इतके, पंचायत राज समितीला इतके अशी वाटणी बजेटच्या पुस्तकात शोधत बसाल तर मिळणार नाही, मी दोन संध्याकाळी घालवल्यात. अमेरिकेत हे उलटं आहे. तिथल्या प्रतिनिधीगृहात प्रत्येक समितीला दोन वर्षांच्या खर्चाचा अंदाज घेऊन दुसऱ्या एका समितीपुढे जावं लागतं, मग सभागृह ठराव करून रक्कम ठरवतं, आणि कोणाला किती पैसे दिले त्याचं पुस्तक दर तीन महिन्यांनी छापून येतं, २००९ पासून तर ऑनलाईनच. आपल्याकडे समिती म्हणजे सचिवालयाच्या मोठ्या पातेल्यातलं एक पळीभर. पातेलं दिसतं, पळी दिसत नाही.

आणि त्यातही गंमत अशी की दौऱ्याचा खर्च एका खिशातून जातच नाही, तो कमीत कमी तीन खिशांतून जातो.

पहिला खिसा विधानमंडळ सचिवालयाचा. सदस्यांचा प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता (कायदा १९५६ चा आहे, विधानमंडळ सदस्यांचे वेतन व भत्ते, त्याच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्यात), समितीसोबत येणारे अवर सचिव, कक्ष अधिकारी, प्रतिवेदक, शिपाई यांचे पगार आणि टीए-डीए, अहवालाची छपाई. हा खिसा त्यातल्या त्यात स्वच्छ, कारण बिल झाल्याशिवाय पैसा निघत नाही.

दुसरा खिसा ज्यांची तपासणी आहे त्या विभागाचा. मंत्रालयातले सचिव, आयुक्त, विभागीय अधिकारी समितीपुढे साक्षीला येतात, त्यांचा प्रवास त्यांच्या त्यांच्या विभागाच्या बजेटमध्ये पडतो. याच्या मागे फार लागू नका, रक्कम किरकोळ असते आणि कागद पन्नास ठिकाणी.

तिसरा खिसा यजमानाचा. जिल्हाधिकारी कार्यालय, झेडपी, महापालिका, महामंडळ, जिथे समिती येते ते. गाड्या, डिझेल, विश्रामगृह, चहा-नाश्ता, जेवण, मंडप, माईक, झेरॉक्स, बुके. खरा खर्च इथे आणि खरी लपवाछपवी पण इथेच, कारण हे सगळं "कार्यालयीन खर्च", "इंधन", "इतर प्रशासकीय खर्च" अशा साध्यासुध्या नावांखाली बसून जातं. झेडपी असेल तर सेसमधून, म्हणजे स्वनिधीतून.

चौथ्या खिशाबद्दल म्हणजे वर्गणीबद्दल नंतर.

चला कामाला लागू. पहिलं काम, घरबसल्या होणारं. वित्त विभागाच्या साईटवर बजेटची पुस्तकं पीडीएफमध्ये असतात, त्यात विधानमंडळ सचिवालयाची मागणी उघडा आणि प्रधान लेखाशीर्ष २०११ शोधा, "संसद, राज्य, संघ राज्यक्षेत्र विधानमंडळे" असं त्याचं लांबलचक नाव. हा २०११ नंबर देशभर एकच आहे, गोव्याच्या बजेटमध्येही हाच. त्याच्या पोटात ०२ राज्य विधानमंडळे, मग १०१ विधानसभा, १०२ विधान परिषद, १०३ विधानमंडळ सचिवालय. त्याच्याही खाली उद्दिष्टांची, म्हणजे खर्चाच्या प्रकारांची यादी येते, ०१ वेतन, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १२ विदेश प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, वगैरे. आपल्याला ११ हवंय.

पानावर चार आकडे शेजारी शेजारी असतात: मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. नवखा माणूस शेवटचा आकडा उचलतो आणि "यंदा इतका खर्च केला" म्हणून मोकळा होतो, तो खर्च नाही, ती फक्त मागणी. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघा, तो मागच्या वर्षांचा असतो. आणि वरच्या कोपऱ्यात एकक बघा, हजारात आहे का लाखात. मी एकदा तीन शून्यं विसरून अख्ख्या विधानसभेचा प्रवास एका लग्नाच्या बजेटात बसवला होता.

चालू वर्षाचं बघायचं असेल तर "बीम्स" नावाची सिस्टीम आहे, महाकोषच्या साईटवर, तिथे कुठल्या लेखाशीर्षाला किती तरतूद, किती वितरित, किती खर्च हे दिसतं. सरकारी ऑफिसात सगळे बीम्स बीम्स करतात ते हेच. अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात त्यातही २०११ शोधून ठेवा, मूळ बजेटमध्ये प्रवासखर्च कमी दाखवून पुरवणीत वाढवायचा प्रकार कुठल्याही विभागात होऊ शकतो.

एवढं झालं की वरचा अंदाज आला, पण समितीनिहाय काही कळलं नाही. त्यासाठी दुसरं काम, दौऱ्याचा कार्यक्रम मिळवणे.

हा कागद म्हणजे किल्ली आहे. समिती मुंबईबाहेर जाणार असेल तर त्याला अध्यक्ष किंवा सभापतींची मान्यता लागते, मग सचिवालयातून जिल्ह्याला पत्र निघतं, त्याच्यासोबत मिनिटामिनिटाचा कार्यक्रम असतो: सकाळी ९ वाजता विश्रामगृहावर आगमन, साडेनऊला लोकप्रतिनिधींशी अनौपचारिक चर्चा, अकराला प्रकल्पाची पाहणी, तीनला साक्ष. कोण कोण सदस्य येणार त्यांची नावं. त्या पत्रातच बहुतेक वेळा निवास, वाहन, भोजनाची "व्यवस्था करावी" असं एक वाक्य असतं. ते वाक्य अधोरेखित करून ठेवा, कारण तिसरा खिसा त्या वाक्याने उघडतो. मग जिल्ह्यात त्या पत्रावरून दुसरं पत्र निघतं, अमुक अधिकारी निवास समिती, तमुक भोजन समिती, ढमुक वाहन व्यवस्था (हो, समितीसाठी समित्या), आणि प्रत्येकाला जबाबदारी नेमून दिलेली असते. हे दुसरं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं, कोणाकडे कुठले कागद असणार हे त्यांनीच लिहून दिलेलं असतं.

मिळवायचं कसं? दौऱ्याच्या वेळी स्थानिक पेपरवाल्यांकडे कार्यक्रम असतोच, व्हॉट्सॲपवर फिरत असतो, ओळख असेल तर फुकट. नसेल तर आरटीआय.

तिसरं काम म्हणजे अर्ज, आणि इथे बहुतेक लोक माझ्यासारखीच चूक करतात. एकच भला मोठा अर्ज, पंधरा प्रश्न, "संपूर्ण तपशील द्यावा", एका ऑफिसला. महाराष्ट्रात नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. त्यामुळे छोटे छोटे अर्ज करा, प्रत्येक दारात वेगळा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही, झेरॉक्सला पानामागे २ रुपये. राज्य सरकारचं ऑनलाईन पोर्टल पण आहे, त्यात तुमचं ऑफिस यादीत असलं तर तिथून टाका.

आणि प्रश्न विचारू नका. "किती", "का", "कोणाच्या सांगण्यावरून" हे शब्द अर्जात आले की माहिती अधिकाऱ्याला आनंद होतो. कारण कायद्यात माहिती म्हणजे ऑफिसात जे कागदावर आहे ते. नवीन बेरीज करून द्यायला, गोळा करून द्यायला ते बांधील नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हे स्पष्ट म्हटलंय आणि बऱ्याच माहिती अधिकाऱ्यांना हे एकच निकालपत्र तोंडपाठ असतं. म्हणून रजिस्टरचं नाव लिहायचं, तारीख लिहायची, प्रत मागायची.

मी आता असा लिहितो, उचलून वापरा:

"विषय: वाहनांची लॉगबुके. कालावधी: दि. (दौऱ्याच्या एक दिवस आधी) ते दि. (एक दिवस नंतर). आपल्या कार्यालयाच्या व अधीनस्त कार्यालयांच्या सर्व शासकीय व भाड्याच्या वाहनांच्या लॉगबुकमधील वरील कालावधीच्या नोंदी असलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच याच कालावधीतील इंधन पावत्यांच्या प्रती मिळाव्यात. माहिती टपालाने हवी."

बघा, ह्याच्यात "समिती" हा शब्दच नाहीये. मुद्दाम. समिती म्हटलं की "निरंक" यायची वाट मोकळी होते, तारखा दिल्या की पानं द्यावीच लागतात.

आता दारं कुठली कुठली. झेडपीत सामान्य प्रशासन विभाग म्हणजे डेप्युटी सीईओंचं ऑफिस, तिथून दौऱ्याचं पत्र आणि जबाबदारी वाटपाचा आदेश मागा. कॅफोंकडून, म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडून, दौऱ्याच्या महिन्याच्या आणि पुढच्या दोन महिन्यांच्या रोकडवहीची पानं आणि कार्यालयीन खर्चाची प्रमाणकं (म्हणजे व्हाउचर). पुढचे दोन महिने का, तर जेवणवाल्याचं बिल कधीच त्याच महिन्यात निघत नाही. आणि "तसलमात नोंदवही" हा शब्द लक्षात ठेवा! तसलमात म्हणजे कर्मचाऱ्याच्या नावावर काढलेली आगाऊ रक्कम. घाईघाईत समिती येते तेव्हा कोणातरी क्लार्कच्या किंवा विस्तार अधिकाऱ्याच्या नावावर तसलमात काढतात, नंतर तिचं समायोजन व्हायला वर्षं लागतात, कधी होतच नाही, आणि त्या बिचाऱ्याच्या रिटायरमेंटला ती आडवी येते. त्या लेखाधिकारी काकांनी म्हणे असल्या अनेक फायली बघितल्यात. ज्या तारखेला समिती आली त्याच्या आगेमागे कोणाच्या नावावर काय निघालं, हे एका पानावर दिसतं.

सार्वजनिक बांधकाम विभागाकडून विश्रामगृहाचं आरक्षण रजिस्टर. कुठली खोली, कोणाच्या नावावर, किती दिवस, भाडं भरलं का. हे फार साधं वाटतं पण सोडू नका. मे २०२५ मध्ये धुळ्यात अंदाज समितीचा दौरा चालू असताना शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीतून सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड निघाली, माजी आमदार दाराबाहेर ठाण मांडून बसले तेव्हा कुठे दार उघडलं गेलं. समितीसाठी पैसे गोळा केल्याचा आरोप झाला, तो नाकारलाही गेला, चौकशीला एसआयटी नेमली. ते प्रकरण तपासाचं आहे, त्याच्यावर मी इथे निकाल देणार नाही, पण त्या वेळी सगळ्यांनी पहिला प्रश्न काय विचारला? खोली कोणाच्या नावावर होती. म्हणजे आरक्षण रजिस्टर.

शेवटचं दार विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई. इथे नियम जरा वेगळे असू शकतात कारण आरटीआय कायद्याच्या कलम २८ खाली अध्यक्ष आणि सभापतींना स्वतःचे नियम करायचा अधिकार आहे, तेव्हा अर्जाचा नमुना आणि फी त्यांच्या साईटवर किंवा फोन करून बघून घ्या, नाहीतर फीसाठी अर्ज परत येतो आणि महिना गेला. त्यांच्याकडून मागायचं ते असं: अमुक समितीच्या अमुक आर्थिक वर्षातल्या बैठका आणि दौऱ्यांच्या मान्यतेची पत्रं, उपस्थितीची नोंद, आणि त्या दौऱ्यासाठी मंजूर झालेल्या प्रवास व दैनिक भत्ता देयकांच्या प्रती. देयकांवर आधी सचिवालयातले आहरण व संवितरण अधिकारी (म्हणजे पैसे काढायचा अधिकार असलेले) सही करतात, मग अधिदान व लेखा कार्यालयात जातात (मुंबईत ट्रेझरीचं काम हे ऑफिस करतं), तिथे तपासून पैसा निघतो, आणि हिशेब महालेखापालांकडे जातो. साखळी लक्षात ठेवा, एका कडीने नाही दिलं तर दुसऱ्या कडीकडे प्रत असते.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. कलम ४ खाली प्रत्येक ऑफिसने १७ मुद्द्यांची माहिती न मागता जाहीर करायची असते, त्यातला अकरावा मुद्दा बजेट आणि खर्चाचा. बऱ्याच ठिकाणी ती पीडीएफ २०१४ ची असते, पण ती जुनी आहे हे सुद्धा अपिलात सांगायला कामी येतं.

नकार येणार. कुठले येतात ते आधीच सांगतो म्हणजे घाबरायला नको.

एक, विशेषाधिकार. कलम ८(१)(ग), विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती देता येत नाही. हे कलम खरं आहे आणि समितीपुढच्या साक्षी, सभागृहात मांडायच्या आधीचा अहवाल यांना ते लागू पडतं, ते मागू पण नका. पण डिझेलची पावती म्हणजे सभागृहाचं कामकाज नव्हे. अपिलात हेच शांतपणे लिहायचं, की मी कामकाज मागत नाहीये, सरकारी पैशाचं प्रमाणक मागतोय.

दोन, वैयक्तिक माहिती. हे आजकाल जास्त येणार कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) बदललंय, आधी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध वगैरे शब्द होते ते गेले. म्हणून एकेका आमदाराच्या नावाने मागू नका, बँक खाते, आधार, पत्ता झाकून द्या असं आपणच लिहा (कलम १० प्रमाणे झाकून देता येतं), आणि कलम ८(२) चा उल्लेख करा, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ते कलम अजून तसंच आहे.

तीन, "माहिती विस्तृत आहे, कार्यालयाची साधनसामग्री वळवावी लागेल". हे कलम ७(९). आता यात गंमत अशी की ७(९) हे नकाराचं कलमच नाही, ते फक्त कुठल्या स्वरूपात द्यायचं त्याबद्दल आहे. ह्यावर उत्तर एकच, अभिलेख पाहणी. "मी येऊन बघतो" म्हणा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, आणि खरं सांगू का, घरी आलेल्या पन्नास प्रतींपेक्षा तो एक तास भारी. मूळ रजिस्टरमध्ये खाडाखोड दिसते, पांढरी शाई दिसते, मध्येच वेगळ्या पेनाने भरलेली ओळ दिसते. झेरॉक्समध्ये सगळं काळं.

तीस दिवसात उत्तर नाही किंवा उडवाउडवी, तर पुढच्या तीस दिवसात पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसात दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, तिथे मात्र धीर धरा, तारीख यायला मुलं कॉलेजात जातात.

आता कागद आले, पुढे काय. हिशेब विचारायचा कोणी?

विधानमंडळ सचिवालयाच्या खर्चाचं ऑडिट महालेखापाल करतात, बाकी सरकारी ऑफिसांसारखंच. वर्षाअखेर विनियोजन लेखे येतात, त्यात मंजूर किती, खर्च किती, उरले किती किंवा जास्त गेले किती हे मागणीनिहाय असतं, कॅगचा अहवाल कलम १५१ प्रमाणे राज्यपालांमार्फत सभागृहात येतो. आणि सभागृहात आल्यावर तो तपासतं कोण? लोकलेखा समिती. म्हणजे समित्यांच्या खर्चाचा अहवाल शेवटी एका समितीच्याच टेबलवर. त्या समितीचा प्रमुख विरोधी पक्षाचा असावा असा संकेत आहे (लोकसभेत तो १९६७ पासून पाळतात) आणि मंत्री सदस्य होऊ शकत नाही, पण पक्ष कुठलाही असला तरी भत्ता सगळ्यांना सारखाच, त्यामुळे या विषयावर कोणी कोणाला घाम फोडलाय असं मला आठवत नाही.

म्हणून माझं मत, वरून अपेक्षा ठेवू नका, खालून धरा. यजमान झेडपी असेल तर तिथलं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षावाले करतात, आणि झेडपीचा खर्च कसा करायचा याची १९६८ ची लेखा संहिता आहे. तुमच्या हातातली प्रमाणकं जोडून त्या जिल्हा ऑफिसला लेखी द्या की अमुक तारखेचा अमुक खर्च या सदरात बसतो का ते तपासावं. पोच घ्या. आक्षेप निघाला तर तो परिच्छेद वर्षानुवर्षं जिवंत राहतो, आणि यातली खरी मजा पुढे आहे: पंचायत राज समिती झेडपीत येऊन काय तपासते? हेच लेखापरीक्षणाचे परिच्छेद. म्हणजे मागच्या समितीच्या जेवणावरचा आक्षेप पुढच्या समितीच्या पुढ्यात येऊ शकतो. एकदा तरी ती साक्ष बघायला मिळावी अशी फार इच्छा आहे.

महालेखापालांनाही असंच लेखी कळवता येतं, त्यांचं पथक त्या ऑफिसला जाणार असेल तर त्याआधी पोचलं तर उत्तम.

आणि तो चौथा खिसा. समिती येणार म्हटलं की ग्रामसेवक, शिक्षक, ठेकेदार यांच्याकडून "पाहुणचारासाठी" पैसे गोळा केल्याच्या बातम्या अनेकदा येतात. ह्याचा कागद नसतो, त्यामुळे इथे आरटीआय चालत नाही, उगाच अर्ज घालून लोकांना सावध करू नका. तुमच्याकडेच कोणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे, तिथे पैसे द्यायच्या आधी फोन करायचा, दिल्यावर नाही. पण एक उलटा पुरावा कागदात सापडतो. चाळीस-पन्नास लोक तीन दिवस जेवले आणि एकाही ऑफिसात जेवणाचं एकही प्रमाणक नाही, तर मग ते जेवण कोणी दिलं? एवढा एक प्रश्न लेखी उभा करता येतो.

आमच्या प्रकरणात नेमकं हेच निघालं. दुसऱ्या वेळी तारखा घालून अर्ज केला तेव्हा १४ गाड्यांच्या लॉगबुकची पानं आली. नऊ गाड्यांवर सरळ "मा. समिती दौरा" लिहिलेलं, म्हणजे निरंक गेलं उडत. बाकीच्या पाच मी जवळजवळ बाजूला ठेवणार होतो, कारण प्रवासाचा हेतू वेगळाच होता, कुठे "लसीकरण पर्यवेक्षण", कुठे "पाणी नमुने". मग सहज किलोमीटर बघायला लागलो. आरोग्य विभागाची एक जीप एका दिवसात १८६ किलोमीटर, हेतू लसीकरण, आणि "कोठून-कोठे" च्या रकान्यात: विश्रामगृह ते धरण, धरण ते हॉटेल, हॉटेल ते विश्रामगृह. हेतूचा रकाना साहेबांनी नंतर भरला होता, निळ्या शाईने. कोठून-कोठे मात्र ड्रायव्हरने त्याच दिवशी भरलेलं, काळ्या शाईने, कारण त्याला डिझेलचा हिशेब जुळवायचा असतो.

म्हणून लॉगबुक आलं की हेतू शेवटी वाचा. आधी किलोमीटर, मग कोठून-कोठे, मग डिझेलच्या पावतीवरची वेळ, मग दौऱ्याच्या कार्यक्रमातली त्या वेळची ओळ शेजारी ठेवा. आणि एकाच दिवशी एकच सदस्य सरकारी गाडीत पण दिसतोय आणि त्या समितीच्या प्रवासभत्त्याच्या देयकात स्वतःच्या गाडीचे किलोमीटर पण लागलेत असं काही दिसलं तर लगेच कोणावर आरोप टाकत बसू नका, आधी देयकाची साक्षांकित प्रत मागवा, तारीख तपासा, कारण एखादा सदस्य मुंबईहून स्वतःच्या गाडीने आला आणि जिल्ह्यात फक्त फिरायला सरकारी गाडी वापरली असंही असतं.

जेवणाचं प्रमाणक आम्हाला एकही मिळालं नाही. हॉटेलचं नाव ड्रायव्हरने लिहिलेलं आहे, बिल कोणाच्या नावाने फाटलं ते अजून कळायचंय. तो अर्ज गेलाय, पहिल्या अपिलाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.